मुरत ठेवलेली बारा पोती

आबा पोत्यात हात घालायचे, चिमूटभर खाद्य नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मुरू द्या अजून."

केडगावच्या पुढे, पुणे रस्त्यापासून जरा आत त्यांची चाळीस डुकरांची शेड होती. मी तालुक्याच्या पानासाठी बातमी करायला गेलो आणि पुढची काही वर्षं जात राहिलो. बातमी एवढीच होती : डुकरांना आफ्रिकन स्वाइन फीवर होतो. माणसाला तो होत नाही. डुकराला तो बहुधा सोडत नाही. एका शेडमध्ये सापडला की शेजारपाजारची डुकरंही मारून पुरावी लागतात. विषाणू चपलेला चिकटून येतो, टेम्पोच्या चाकाला चिकटून येतो, खाद्याच्या पोत्यातूनही येतो.

म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी आबांना खाद्यात मिसळायचं एक आंबट वासाचं औषध दिलं होतं. त्यानं पोत्यातला विषाणू कमी होतो, पण मिसळल्यावर पोतं काही आठवडे बंद ठेवावं लागतं. आबांनी हे ज्ञान थेट लोणच्याच्या खात्यात जमा केलं आणि मग जगातल्या प्रत्येक गोष्टीला लावलं. पेपरसुद्धा ते चार दिवसांनी वाचत.

"ताज्या बातमीत लई जंतू असत्यात," ते मला म्हणाले.

मी त्यांच्यावरची बातमी त्यांना वाचून दाखवली. "मुरू द्या," ते म्हणाले. मी ती त्याच दिवशी पाठवली. दुसऱ्या दिवशी छापून आलं की आबांकडे चारशे डुकरं आहेत. आबांनी चौथ्या दिवशी ते वाचलं आणि फोन केला, "म्हनलं हुतं का न्हाई?"

त्यांचे मेहुणे, म्हणजे आबांच्या बायकोचे, काकूंचे, धाकटे भाऊ, संगमनेरकडे डुकरंच पाळायचे. तिकडे रोग आला आणि त्यांची शेड आठवड्यात रिकामी झाली. एका सकाळी मी आबांकडे चहा घेत होतो, तेव्हा फाटकाशी टेम्पो थांबला. मागे पोती होती.

"दाजी, आमची तर गेली," मेहुणे खाली उतरत म्हणाले. "ही बारा पोती उंदरांनी खान्यापरीस तुमच्या शेडातल्या लेकरांच्या पोटात जाऊ द्या."

पोती त्याच शेडमधली होती. आबांनी कप खाली ठेवला. नको म्हणावं, तर सगळं गमावलेल्या माणसाला तू मरण घेऊन आलास असं सांगितल्यासारखं. घ्यावं, तर चाळीस डुकरं. त्यांनी आडोशाला जाऊन डॉक्टरांना फोन लावला. औषध घालून चालेल का?

"कमी होतो म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले. "जातो म्हणालो नव्हतो."

आबा परतले ते हुकूम सोडत. "अगं, परात आन. पाव्हन्यांचं पाय धुवायचं हायेत."

वाचकहो, नवरदेवाचे पाय धुतात तसे आबांनी मेहुण्यांचे पाय फाटकाबाहेर धुतले. फक्त परातीत पाण्याऐवजी जंतुनाशक होतं. चपला दुसऱ्या परातीत पाच मिनिटं भिजल्या. काकूंनी भाकरतुकडा ओवाळला. आबांनी टेम्पोला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाठीवर फवारणीचा पंप घेऊन चारी चाकांना तीन प्रदक्षिणा घातल्या.

मेहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्का, दाजींनी लग्नातबी माझा एवढा मान केला न्हवता."

"व्हय, पायाचं पानी डोळ्याला लावू नको," काकू म्हणाल्या.

पोती शेडपासून लांब, बांधावरच्या लिंबाखाली उतरवली. आबांनी वर ताडपत्री टाकली आणि पाव्हण्यांना सांगितलं, "औषध घालतो. मग मुरू द्यायचं."

त्यानंतर दर पंधरवड्याला मेहुण्यांचा फोन येई.

"दाजी, घातलं का खाद्य?"

"मुरतंय."

"अजून?"

"तुमच्याकडचा मका हाय तो. टनक."

हे दीड वर्ष चाललं. आबांचं एकही डुक्कर दगावलं नाही. मेहुण्यांनी आपल्या शेडमध्ये कोंबड्या घातल्या, तरी बारा पोत्यांची चौकशी सोडली नाही.

मग एका दुपारी जेवून उठताना आबा गेले. हृदय. दवाखान्यातल्या डॉक्टरांना काही करता आलं नाही.

दहाव्याला मी गेलो. मेहुणे फाटकाशी आले, कुणी न सांगता तिथल्या जंतुनाशकाच्या परातीत उभे राहिले आणि मनात मोजत असल्यासारखे बराच वेळ तसेच थांबले. मग सरळ बांधावर गेले. मी मागोमाग.

त्यांनी ताडपत्री उचलली. पोती बाराच होती. एकाचं तोंड सोडून त्यांनी आत हात घातला, चिमूट नाकाशी धरली. माती होती. शेजारच्या पोत्याच्या शिवणीतून हरळी वर आली होती. खाद्य आबांनी केव्हाच चुना टाकून पुरलं होतं आणि पोती मातीनं भरून ठेवली होती.

मेहुणे ती चिमूट बोटांत चोळत राहिले. शेडमधून डुकरांचा गलका येत होता. खाद्याची वेळ झाली होती.

"काय रं, मुरलं का?" काकूंनी लांबून विचारलं नसतं तर ते तसेच उभे राहिले असते. त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं, ताडपत्री ओढली आणि वर दगड ठेवला.

"न्हाई अक्का," ते म्हणाले. "मुरू द्या अजून."