डोक्याएवढी जागा

लाखनीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीला दर हिवाळ्यात लोणा लागतो. ओल्या भिंतीवर पांढरं मीठ फुलतं आणि रंगाचे पोपडे गळून पडतात. ते खरडायला दरवर्षी एकच माणूस यायचा. मी त्याचं नाव कधी विचारलं नाही. आला की तो भिंतीवरचं मीठ बोटानं उचलून जिभेला लावायचा, अंगणात जाऊन थुंकायचा आणि म्हणायचा, "औंदा वीतभर वर चढला जी."

आई त्याच खोलीत खाटेवर असायची. पहिल्याच वर्षी त्यानं विचारलं होतं, "मायले समोरच्या खोलीत काहून नाही नेत, सर?"

"तिथं पाहुणे बसतात," मी म्हणालो. तो भिंत खरडायला लागला.

आई गेल्या वर्षी दिवाळीआधी वारली. नंतर तो आला, तेव्हा खाट उचललेली होती. त्यानं सगळी भिंत खरडली, फक्त उशाकडचा एक काळपट गोल सोडला. आई तिथं डोकं टेकून बसायची. तिच्या केसांचं तेल मुरून मुरून तेवढ्याच जागी लोणा आला नव्हता.

"तेही खरडा," मी म्हणालो, "परवा रंग द्यायचाय."

त्यानं हातातली लोखंडी पट्टी पँटला पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"मंग ते तुमीच खरडा, सर."

पट्टी न्यायला तो परत आला नाही. यंदा लोणा त्या गोलाच्या चारी बाजूंनी चढलाय.