ताईच्या मशीनखालचा गुंड्या

हे किस्से कुणाला सांगायचे नाहीत, असं ताईनं मला बजावलं होतं. तिच्या पुण्याच्या ऑफिसची समजूत होती की भूमच्या घरी तिला कामासाठी वेगळी, शांत खोली आहे. खोली होती. खोलीत आईचं शिलाई मशीन, मशीनवर ताईचा लॅपटॉप आणि मशीनखाली आमचा कुत्रा गुंड्या. अडीच वर्षं असं चाललं. मी कोपऱ्यात अभ्यासाला बसायचे, त्यामुळं असे किस्से माझ्याकडं आपोआप साठत गेले.

मागच्या महिन्यात ऑफिसनं सगळ्यांना परत बोलावलं आणि ताई गेली. तेव्हापासून गुंड्या नीट खाईना. ताटलीला तोंड लावायचा आणि उठून जायचा. बाबा म्हणाले, आठ दिवस बघू, नाहीतर इथं जवळच वाशीला मामांच्या शेतावर सोडू, तिथल्या चार कुत्र्यांत रमेल. बाबा बोलले की करतात. ते आठ दिवस मी त्याच्याजवळ बसून हेच सगळं आठवत होते. तेच आता वहीत लिहितेय.

*

ताईचं काम फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं. गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा वाजला की गुंड्या भुंकायचा. मग ताई घाईनं भाकरीचा तुकडा टाकायची. तोंडात तुकडा असेपर्यंत तो गप्प!

आठवड्याभरात त्याच्या सगळं लक्षात आलं. नंतर रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी ताईनं "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" म्हटलं की मशीनखालून अगदी हळू एक "भु" यायचं. पूर्ण भुंकायचा नाही, नुसती आठवण करून द्यायचा.

आई रोज दोन भाकऱ्या जास्त थापायला लागली. ह्या कुणाच्या, असं बाबांनी विचारलं.

"ऑफिसच्या," आई म्हणाली.

*

दुपारी चारला टीमची मीटिंग असायची. शेवटी साहेब विचारायचे, "एनी क्वेश्चन्स?" कुणी काही विचारायचं नाही. मीटिंग संपायची आणि ताई गुंड्याला फिरायला न्यायची. त्यामुळं ते दोन शब्द कानावर पडले की गुंड्या अंग ताणून दारात हजर.

एकदा टीममध्ये कुणीतरी नवीन आलं होतं. त्यानं प्रश्न विचारला. मग दुसरा. मग तिसरा. गुंड्या दारातून परत आला, धपकन पडला आणि त्यानं एवढा लांब उसासा टाकला की पलीकडं सगळे थांबले. ताईचा माइक चालूच होता.

साहेब म्हणाले, "हे कुणी केलं माहीत नाही, पण मला पटलंय. राहिलेलं उद्या."

*

गुंड्याची झोपायची जागा म्हणजे मशीनचं लोखंडी पायडल. झोपेत तो कान खाजवायला लागला की पायडल हलायचं, चाक फिरायचं आणि लॅपटॉपसकट सगळं थरथरायचं. एकदा नेमका कॅमेरा चालू होता. साहेबांनी हसत विचारलं, तुमच्याकडं भूकंप होतोय का?

त्यांची चेष्टा होती. पण आमच्या जिल्ह्यात तो शब्द कुणी चेष्टेत घेत नाही. आई लहान असताना झालेल्या मोठ्या भूकंपानंतर त्यांच्या घरानं कितीतरी दिवस उघड्यावर पत्र्याखाली काढलेत. तिनं स्वयंपाकघरात ऐकलं, गॅस बंद केला, मला दंडाला धरलं आणि सरळ रस्त्यावर! जाता जाता शेजारच्या काकूंना हाक दिली. काकूंनी पुढच्यांना दिली. बघता बघता सगळी गल्ली बाहेर.

घरात राहिले दोघंच, ताई आणि गुंड्या. ताई स्क्रीनकडं बघून "नो सर, नो सर" म्हणत होती आणि खिडकीतून आई ओरडत होती, "नोकरी राहू दे, आधी भाईर ये!"

खरं काय ते कळल्यावर कुणी रागावलं नाही. काकू घरात जाताना एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, सराव झाला."

*

ताई गेल्यावर आम्ही तिला व्हिडिओ कॉल लावला. तिनं हाक मारली, तर गुंड्यानं फोनकडं बघितलंसुद्धा नाही. तो उठला आणि मशीनखाली जाऊन बसला. कॉल संपेपर्यंत तिथंच होता. ताई विचारत होती, कुठंय तो, दाखव ना. मी फोन खाली धरला. मग तीच म्हणाली, नको, ठेव.

*

आठवा दिवस रविवार होता. सकाळीच मामा वाशीहून दोर घेऊन आले. त्याला नेऊ नका, हे वाक्य मी रात्रीपासून पाठ केलं होतं.

"दाजी, कुठंय कुत्रं?" मामांनी अंगणातून विचारलं.

बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान त्या दिवशी बंद असतं. आतल्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता, एका सुरात, न थांबता. मी दार ढकललं. बाबा ताईच्या खुर्चीत बसले होते. मशीनवर पाण्याच्या मोटारीचं माहितीपत्रक उभं केलेलं, नाकावर चष्मा. पाच हॉर्सपॉवर, थ्री फेज, पाइप अडीच इंची, असं सगळं ते मोठ्यानं वाचत होते. त्यांच्या पायाशी गुंड्या पडल्या पडल्या भाकरी खात होता. ताटली निम्मी रिकामी.

आजवर बाबा त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

माझ्या मागून मामा आत यायला लागले. बाबांनी कागदावरची नजर न काढता हात वर केला.

"आत्ता न्हाय जमायचं, पाव्हणं. मीटिंग चालूय."

मामा पाय न वाजवता मागं फिरले आणि बाहेर बाजेवर बसले. दोर मांडीवर. बऱ्याच वेळानं त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "ही मीटिंग रोज असती का?" — आले गं आई, आले, एवढं वाक्य लिहून झालं की