कोयत्यावरचा ठसा

शेख मॅडम वर्गात आल्या की पुस्तकाआधी पिशवीतून कोयता काढायच्या. पाटोद्याच्या आमच्या कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत. कोयता त्यांच्या अब्बांनी घडवलेला, मुठीजवळ पात्यावर त्यांचा ठसा. "ह्यानं ऊस तुटतो अन् माणूसबी," त्या म्हणायच्या. "अब्बा दोन्ही जाणून ठसा मारतात." एकदा मारामारीतला कोयता घेऊन पोलीस अब्बांच्या लोहारकामाच्या दुकानात आले. शेजारी नाही म्हणा म्हणून खुणावत होते. अब्बांनी ठसा पाहिला आणि माझाच आहे म्हणून सांगितलं.

हे सांगून झालं की कविता. कुणी जुना इंग्रज कवी एका हिंस्र जनावराला विचारतो, तुला घडवायची छाती कुणाची झाली? गाइडात उत्तर छापलं होतं, देवाची थोरवी. मॅडमनी ते आम्हाला पेनाने खोडायला लावलं. "कवी आरती करीना, जाब इचारायलाय."

त्याच आठवड्यात बिबट्याने आमच्या कळपातलं कोकरू नेलं. मी त्याला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. चाचणीत मी लिहिलं, कोकरू आणि बिबट्या एकाच हाताने केले असतील तर त्या हाताचा मला राग आहे. पेपर प्राचार्यांपर्यंत गेला. देवाची निंदा केलीस, लेखी माफी दे, नाहीतर बारावीचा फॉर्म विसर, असं त्यांनी बजावलं. फॉर्म गेला असता तर मी कायमची मेंढरांमागे गेले असते. घाबरून मी माफीचा कागद पुढे ओढला.

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या मॅडमनी तो काढून घेतला आणि पेपरावर माझ्या उत्तराखाली स्वतःची सही केली.

"सर, हिला मी शिकवलंय. ठसा माझा हाय. इचारायचं ते मला इचारा."

फॉर्मवर शिक्का बसेपर्यंत त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांना तासिका मिळाल्या नाहीत.

मला त्यांना तोंड दाखवायची लाज वाटायची. शिक्षिका झाल्यावर, गेल्या वर्षी, धीर करून अब्बांच्या दुकानात गेले. भात्याच्या पलीकडे सतरंजीवर मॅडमची शिकवणी चालू होती. माझ्यामुळे तुमचं काम गेलं, माफ करा, म्हटलं. त्या भडकल्याच.

"तवा लिवू दिली न्हाई, ती माफी आता मागायला आलीस व्हय?"

एका मुलीसमोरचं गाइड उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं, वर पेन. त्या कवितेखाली तेच उत्तर अजून छापलेलं होतं, देवाची थोरवी. मी ते खोडलं आणि खाली सही केली.