डिझेलनानांची लॉरी

डिझेलनाना डिझेल चाखून घेत. साकीनाक्याच्या पंपावर तळहातावर चार थेंब घ्यायचे, जिभेला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचं, "घासलेट मिसळलंय. कालचं. रेशनच्या रांगेतलं." पंपवाल्याला दरदरून घाम फुटायचा. रांगेत कोण उभं होतं, तेवढं सांगायचं राहायचं!

लॉरी एकच, पण दिवसातून तीनदा पुसत. नानी म्हणायच्या, "माझ्याकडे कधी इतकं बघितलंत का हो?" नाना म्हणायचे, "तू कुठे धूर सोडतेस?"

तेलटंचाईच्या वर्षातली गोष्ट. प्रत्येक पंपावर 'डिझेल नाही'ची पाटी. अशात वर्सोव्याच्या हिराबाई कोळणीच्या मुलीचं लग्न मालाडला ठरलं आणि वऱ्हाड पोचवायचा शब्द नानांनी देऊन ठेवलेला. शेजारी म्हणून मीही बरोबर. कोळीवाड्यात पोचलो तेव्हा टाकीने तळ गाठला होता आणि मुहूर्त दोन तासांवर.

"नाना, पोरीचा मुहूर्त चुकला ना, तर तुला भर समुद्रात सोडून येईन!" हिराबाई कडाडली. मुंडावळ्या बांधलेली पोरगी लॉरीकडे बघत उभी. डोळे भरलेले.

नानांची नजर पडवीत गेली. तिथे होड्यांना चोपडायच्या मुशी माशाच्या तेलाचे डबे होते. बोट बुडवून चाखलं. "मीठ कमी आहे. पण पेटेल."

"आणि इंजिन?" मी विचारलं.

"चिकटेल रे. कायमचं." लॉरीकडे न बघता ते म्हणाले, "हिराबाई, जुनं लुगडं आण. गाळायला."

लॉरी निघाली ती काळाकुट्ट धूर आणि मासळीचा वास सोडत. अंधेरीला चार मांजरं मागे लागली, जोगेश्वरीला चाळीस, गोरेगावात मी मोजायचं सोडलं. मालाडला वरपक्ष सामोरा आला, तर आमचं वऱ्हाड साठ माणसांचं आणि मांजरं दोनशे! व्याही घाबरून म्हणाले, "जेवायला एवढी पानं नाहीत हो!"

अक्षता वेळेवर पडल्या. मंडपाच्या दाराशी लॉरीने एक आचका दिला आणि ती बसली. साकीनाक्याच्या तीन मिस्त्र्यांनी हात टेकले. शेवटी व्याह्यांच्या अंगणातच राहिली, हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

पुढे नाना दुसऱ्यांच्या लॉऱ्या चालवत. पंपावर डिझेल न चाखताच भरून घेत. कुणी विचारलंच, "नाना, तुमची गाडी कुठाय?" तर मालाडच्या दिशेने हात करून म्हणत, "सासरी दिली."