लाल रंग डावीकडे

अवसरीच्या कॉलेजात असताना मला जुने व्हिडिओ गेम कॉम्प्युटरवर खेळायचा नाद होता. पण तिथे ते फारच स्वच्छ, परके दिसायचे. लहानपणीच्या डबा टीव्हीसारखं चित्र यावं म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. आडव्या काळ्या रेघा जमल्या, फुगीर कडा जमल्या. रंग कसा पसरायचा ते मात्र आठवेना, म्हणून मंचरच्या एका टीव्ही मेकॅनिककडे गेलो.

दुकानात पिक्चर ट्यूबा धूळ खात पडल्या होत्या. तो टीव्हीच्या मागे उभा राहून स्क्रू पिळायचा आणि समोर टेकवलेल्या आरशात चित्र बघायचा. माझं ऐकून तो हसला नाही.

"हे दोष काढण्यात आमची जिंदगी गेली, आन् तुमी ते मुद्दाम घालताय व्हय?"

मग आरशावरची धूळ बाहीने पुसत म्हणाला, "लाल रंग डावीकडं सांडतो. लिहून घ्या."

मी प्रोग्रॅममध्ये तसंच केलं.

दिवाळीत गावी, पिंपरी पेंढारला, घरचा जुना टीव्ही लावला, तर लाल उजवीकडे सांडत होता. त्या मेकॅनिकने आयुष्यभर चित्र आरशातच पाहिलं होतं.

सुट्टीनंतर मंचरला गेलो, तेव्हा त्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकत होती. तो कुठे गेला, कुणाला माहीत नव्हतं. आरसा तेवढा तिथेच होता. गिऱ्हाइकं त्यात बघून केस सारखे करत होती.

माझ्या प्रोग्रॅममध्ये लाल रंग अजून डावीकडेच सांडतो.