पाखरांसाठी सीड्या

राजारामपुरीत त्याचं सिनेमाच्या सीड्या भाड्यानं द्यायचं दुकान होतं. नाव मी कधी विचारलं नाही. देण्याआधी प्रत्येक सीडी तो ट्यूबलाइटखाली तिरकी धरायचा, तोंडाची वाफ सोडायचा आणि शर्टाच्या टोकानं मधून कडेकडे पुसायचा. मग लोक पेनड्राइव्हमध्येच पिक्चर भरून घ्यायला लागले आणि दुकान बंद पडलं.

पुढं एकदा गडमुडशिंगीला शाळवाच्या रानात तो दिसला. पाखरं भ्यावीत म्हणून दोरीला त्याच सीड्या बांधत होता, आणि बांधण्याआधी प्रत्येक पुसत होता.

"आता कशाला पुसताय?"

"चमकाय नको व्हय, पावणं? माणसं काय बघंनात. पाखरं तरी बघू देत की."

त्याच्या पाठीमागं, लखलखणाऱ्या सीडीखालीच, चिमण्या निवांत कणसं टिपत होत्या. मी पुढची सीडी पुसून त्याच्या हातात दिली.