नवसाबाईच्या भिंतीवरचं वचन

आमच्या शरणपूरच्या ख्रिस्ती मंडळीत एक जानेवारीला उपासनेनंतर वचनं काढतात. टोपलीत बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या असतात. हाताला लागेल ती वर्षभर आपली. मला हा प्रकार कधी पटला नाही. देव काय लॉटरीवाला आहे? पण मी पडले शाळामास्तरीण, त्यामुळे ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायचं काम माझ्याच गळ्यात.

१९९८ साली नवसाबाईने आपली चिठ्ठी माझ्यापुढे धरली. चांदवडकडची ही विधवा बाई एका प्रसूतिगृहात आया होती. दुसऱ्यांची पोरं न्हाऊ घालण्यात तिचा जन्म गेला होता. स्वतःचा एकच मुलगा, शांतवन. चिठ्ठी एकोणनव्वदाव्या स्तोत्रातली निघाली. देवाने दाविदाशी करार केला, की तुझा वंश मी कायमचा टिकवीन. तिने ती पुन्हा वाचायला लावली आणि फ्रेम करून भिंतीवर टांगली. चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला समजावलं, की हे वचन दाविद राजाला दिलेलं आहे, सरसकट सगळ्यांना नाही.

"दाविदाचा देव येगळा अन् माझा येगळा हाय का?" तिने विचारलं.

पाळकसाहेब हसले. मीही हसले.

पुढे शांतवनचं लग्न झालं. सुनेला दिवस राहत नव्हते, तरी नवसाबाईला घोर नव्हता. होणाऱ्या नातवंडाच्या दुपट्यांसाठी मऊ झालेली जुनी लुगडी ती गोळा करत राहिली. बायका टोमणे मारायच्या, तेव्हा ती भिंतीकडे बोट दाखवायची.

२००३ साली मनमाडहून येताना शांतवनच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. जागेवरच गेला.

दफनभूमीत पाळकसाहेबांनी मुद्दाम तिचंच स्तोत्र काढलं. तिला धीर यावा, एवढाच त्यांचा हेतू. देवाची माया अढळ आहे, तो करार मोडत नाही, वंश सूर्यासारखा टिकेल, इथवर वाचून ते थांबले. सगळेच तिथे थांबतात. नवसाबाईचा हात शवपेटीवर होता.

"इथंच संपतं का ते?" तिने विचारलं.

पुढे आहे, असं पाळकसाहेब खाली बघत म्हणाले.

"मंग वाचा की."

त्यांच्याने वाचवेना. पुस्तक माझ्या हातात आलं. त्याच स्तोत्रात पुढे सगळं उलटं होतं. तूच करार झिडकारलास, मुकुट धुळीत टाकलास, शपथेवर सांगितलेली ती जुनी माया गेली कुठे, असं स्तोत्र गाणारा देवालाच धरून विचारतो. मी वाचत गेले. देवाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. शेवटी आमेन आलं, ते सगळ्यांनी म्हटलं. नवसाबाईने म्हटलं नाही.

सून माहेरी गेली. तरुण पोर, तिचं काय चुकलं? नवसाबाई मात्र दर रविवारी दुपारी माझ्याकडे येऊ लागली. "बाई, ते भांडण वाचा," म्हणायची आणि डोळे मिटून ऐकायची. अंगावरचं फाटलेलं बघवेना म्हणून एकदा मी तिला माझं निळं सुती पातळ दिलं. त्याच दिवशी न राहवून म्हटलं, की ती फ्रेम आता काढून टाका, कशाला रोज जिवाला त्रास?

"काढली तर त्याला वाटंल, मी सोडून दिलं," ती म्हणाली. "वचन त्यानं दिलंय, बाई. मी कशाला मोडू?"

ते निळं पातळ तिच्या अंगावर मला कधी दिसलं नाही. कुणाला तरी देऊन टाकलं असेल म्हणून मी मनातून रुसलेही होते.

२००८च्या पावसाळ्यात ती गेली. मूठमाती द्यायला घरचं कोण आहे, असं पाळकसाहेबांनी विचारलं. कुणीच नव्हतं. मी पुढे झाले, माती टाकली आणि स्तोत्र शेवटपर्यंत वाचलं. आमेन मला म्हणवलं नाही.

घरमालकाला खोली रिकामी हवी होती. मी भिंतीवरची फ्रेम उतरवली, मग ट्रंक उघडली. आत दुपटी होती, बारीक टाक्यांनी शिवलेली, घड्या घालून ठेवलेली. सगळ्यांत वरचं माझ्या निळ्या पातळाचं होतं.